फायरप्लेस: दगडाआधी हवेचा हिशेब

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात दिवाणखान्यातली दगडी फायरप्लेस पाहून माणसं हरखून जातात. जमिनीपासून छतापर्यंत रचलेले ओबडधोबड दगड, मधोमध काळवंडलेली पोकळी, वर जाड लाकडी फळी. तशीच तिथल्या आपल्या घरात करायची म्हटलं, की घरात पहिला वाद रंगतो तो दगड कोणता घ्यायचा यावर. जाणता गवंडी मात्र आधी छपराकडे बघतो. फायरप्लेस हे हवा ओढणारं यंत्र आहे आणि ती ओढ धुराड्यात तयार होते.

ही ओढ किती असते? समजा बाहेर शून्य अंश सेल्सिअस आहे आणि धुराड्यात १५० अंश. बाहेरची घनमीटरभर हवा सुमारे १.३ किलो भरते, आतली जेमतेम ०.८३. धुराडं ६ मीटर उंच असेल तर या फरकातून मिळणारा दाब २७ पास्कल, म्हणजे पावणेतीन मिलिमीटर पाण्याच्या थराचा. एवढ्याशा जोरावर सगळा धूर वर जायचा असतो! म्हणून तर स्वयंपाकघरातली विजेची चिमणी जोरात लावली की घट्ट बंद घरात फायरप्लेसचा धूर उलटा खोलीत येतो आणि त्याबरोबर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही. लाकडाला लागणारी हवा बाहेरून कुठून येणार, हे नकाशावरच ठरवावं लागतं.

धुराडं बाहेरच्या भिंतीला चिकटवलं तर ते गार पडतं आणि ओढ मंदावते. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत ते मधोमध असे. छपरावर त्याचा नियम असा: जिथून बाहेर पडतं तिथपासून किमान ३ फूट उंच आणि १० फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट वर. नाहीतर छपरावरून वळसा घेणारा वारा धूर खाली दाबतो. धुराड्याच्या आतल्या नळीचं क्षेत्रफळ फायरप्लेसच्या खोलीकडच्या तोंडाच्या साधारण एक दशांश ठेवतात. तोंड ९० बाय ७५ सेंटिमीटर असेल, तर नळी २६ बाय २६ सेंटिमीटर. तोंड भव्य हवं आणि नळी बारीक चालेल, असं म्हणणाऱ्या हौशी मालकाचं छत पहिल्याच हिवाळ्यात काळं होतं.

जळणाऱ्या पोकळीचा आकार कसा असावा, याचा शास्त्रशुद्ध विचार केला तो बेंजामिन थॉम्प्सन उर्फ काउंट रम्फर्डने. माणूस मोठा अजब. १७५३ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिला, पुढे बव्हेरियाच्या दरबारी चाकरीला लागला. उष्णता हा पदार्थ नसून गती आहे, हे त्याने तोफांना भोकं पाडताना ताडलं. १७९६ मध्ये त्याने शेकोट्यांवर निबंध लिहिला. तेव्हाच्या फायरप्लेस खोल आणि चौकोनी असत, त्यामुळे बरीचशी उष्णता थेट वर निघून जाई. उघड्या शेकोटीची जी ऊब आपल्याला लागते ती मुख्यतः किरणांची, हे ओळखून त्याने पोकळी उथळ केली, मागची भिंत तोंडाच्या एक तृतीयांश रुंदीची केली आणि बाजूच्या भिंती तिरक्या उघडल्या, म्हणजे त्याही तापून खोलीकडे किरण फेकतील. वरचा गळा, म्हणजे पोकळीतून धुराड्यात जायची अरुंद वाट, चार इंचांवर आणला. हे प्रमाण धरून आजही फायरप्लेस बांधतात.

आता दगड. ज्वाळा दगडाला लागूच द्यायच्या नाहीत, आतलं अस्तर फायरब्रिकचं, म्हणजे आगीत टिकणाऱ्या विटांचं हवं. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात भरपूर असणारं क्वार्ट्झ ५७३ अंशांना आपली स्फटिकरचना बदलतं आणि फुगतं, मग तडे जातात. चुनखडी सव्वाआठशे अंशांच्या आसपास चुनकळी होऊ लागते, म्हणजे दिवाणखान्यातच चुनाभट्टी! नदीतल्या गोट्यांत पाणी मुरलेलं असलं तर वाफेच्या जोराने ते फुटून ढलप्या उडतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात क्वार्ट्झ फारसं नसतं, पण तो तिथे कुठून आणणार? अस्तर आणि दर्शनी दगड तापल्यावर सारखे फुगत नाहीत, म्हणून दोघांत थोडी फट सोडतात. घराच्या लाकडी सांगाड्यापासून धुराडं दोन इंच दूर असतं, कारण वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. शिवाय दोन घनमीटर दगड म्हणजे पाच टनांहून जास्त वजन. ते लाकडी जमिनीवर पेलणार नाही, त्याला स्वतंत्र पाया घ्यावाच लागतो.

एवढा खटाटोप करून उघडी फायरप्लेस लाकडातली साधारण १० टक्केच उष्णता खोलीला देते आणि त्याच वेळी खोलीतली उबदार हवा धुराड्यातून बाहेर ओढते. लांबच्या खोल्या तर आणखी गार पडतात. फिनलंडमध्ये यावर चांगली तोड आहे. तिथल्या दगडी भट्टीत गरम वायू सरळ वर न जाता बाजूच्या वाटांनी खाली फिरवतात. वाटेत ते आपली उष्णता शंखजिऱ्याच्या जड दगडाला देतात. टनभर दगड ५० अंशांनी तापला की त्यात साधारण १२ युनिट विजेइतकी उष्णता साठते, आणि मग एकदा भरलेलं सरपण जळून गेल्यावरही तासन् तास दगड ऊब देत राहतो. मला विचाराल तर थंडी खरी असेल तिथे हीच बांधावी. पण ज्वाळांकडे बघत बसण्याची हौस हिशेबात बसत नाही, हेही मान्य.

बांधकाम संपलं तरी लगेच जाळ करायचा नाही. सांध्यांतल्या मालात अजून पाणी असतं, ते एकदम तापलं तर सांधे उकलतात. तीन-चार आठवडे थांबून मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त, असं करत जायचं. पेटवण्याआधी कागदाची जळती सुरळी गळ्याशी धरून गार धुराडं तापवायचं. सुरळीचा धूर वर वळला की मगच खालच्या काटक्यांना काडी लावायची.