खारघर नवी मुंबईत आहे का? आकडे मांडण्याआधी एवढं वाचा

मी खारघरला राहतो. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहितो, मालमत्ता कर पनवेल महापालिकेला भरतो, जिल्हा विचारला तर रायगड सांगतो आणि लोकसभेला मावळात मत देतो, म्हणजे खासदार मला पिंपरी-चिंचवडकरांसोबत वाटून घ्यावा लागतो. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ‘नवी मुंबईची लोकसंख्या किती, अर्थव्यवस्था कशी’ असं कुणी विचारलं की त्यात मी आहे की नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि सांगणाऱ्यालाही. तरी सांगणारा बिनधास्त सांगतो. बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिराती, वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्या, कॉलेजचे प्रकल्प, सगळीकडे तोच घोळ बघून बघून आता कंटाळा आला आहे.

मध्यंतरी सोसायटीतला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. ‘नवी मुंबईची सामाजिक-आर्थिक ओळख’ असा प्रकल्प. २०११ च्या जनगणनेतल्या लाखावरच्या शहरांची यादी त्याने उघडली होती आणि दोन ओळी पिवळ्या करून ठेवल्या होत्या. एका ओळीत नवी मुंबई, ११,२०,५४७. दुसऱ्या ओळीत पुन्हा नवी मुंबई, पुढे पनवेल आणि रायगड अशी शेपटी, आकडा सुमारे १ लाख ९५ हजार. “काका, ही दुसरी ओळ चुकून आलीय ना? काढून टाकू?”

म्हटलं, बाबा, ती काढू नकोस. त्या ओळीत तुझ्याच आसपासची माणसं आहेत.

वाशी-नेरुळ-ऐरोलीची नवी मुंबई कशी आहे हे तुम्हाला सांगायला नको. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना साठच्या दशकात मांडली, १९७० मध्ये ते शहर उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, १९७३ मध्ये खाडीपूल आला, १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, तुर्भ्याचा घाऊक बाजार, पुढे आयटी पार्क. हे सगळं पाठ असतं, म्हणून पुढे जाऊ.

पनवेलबद्दल मात्र ‘नवी मुंबईच्या पुढचं उपनगर’ एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं आणि तिथे माझं पित्त खवळतं. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला १ जानेवारी १९९२ ला. पणजोबांना पणतूचं उपनगर म्हणायचं का? घाट उतरून आलेला माल आणि खाडीतून आलेला माल जिथे भेटत, ते हे बाजाराचं गाव. सिडकोच्या वसाहती नंतर त्याच्या अंगाला येऊन चिकटल्या.

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

‘नवी मुंबई’ हे नाव किमान दोन वेगळ्या गोष्टींना चिकटलेलं आहे. एक आहे प्रकल्प. सिडकोच्या ताब्यात दिलेलं सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र, ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवरचं. त्यात वाशी आहे, खारघर आहे, उलवे आहे, द्रोणागिरीही आहे. दुसरी आहे महापालिका. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची, ठाणे जिल्ह्यातली, नगरसेवक निवडून देणारी. प्रकल्प ही नकाशावर आखलेली योजना, तर महापालिका ही माणसं मोजण्याची, कर घेण्याची आणि मत मागण्याची हद्द. सिडको जमीन देते, वसाहत उभी करते, पण सिडकोला कुणी निवडून देत नाही. बेलापूर स्टेशन सोडून लोकल खारघरला पोहोचते, त्या मधल्या तुकड्यात तुम्ही महापालिका बदलता, तालुका बदलता, जिल्हा बदलता. प्रकल्प मात्र तोच राहतो. डब्यात कुणाला कळतही नाही. मेट्रोची तीच गत. बेलापूर ते पेंधर या मार्गाचं नाव नवी मुंबई मेट्रो, आणि सुरुवातीची एखाद-दुसरी स्थानकं सोडली तर ती धावते पनवेल महापालिकेच्या हद्दीतून.

रोजच्या बोलण्यात याने काही बिघडत नाही. पुण्याच्या मावशीला मीही ‘नवी मुंबईत राहतो’ असंच सांगतो. बिघडतं ते भागाकार करताना. अंश एका नवी मुंबईचा घ्यायचा आणि छेद दुसरीचा, हा सगळ्या चुकीच्या तक्त्यांचा मूळ आजार.

घनतेचंच बघा. लोकसंख्या घेतली जनगणनेतली, ११,२०,५४७. ती महापालिकेची. क्षेत्रफळ घेतलं सिडकोचं, ३४४. ते प्रकल्पाचं. भागाकार आला चौरस किलोमीटरला साधारण ३,२५०. दिसायला आकडा सभ्य आहे, म्हणूनच कुणी पुन्हा तपासत नाही. कोपरखैरण्यात रो-हाउसच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला तो ऐकवा, हसून लोळेल. भाजकात उरणच्या मिठागरांची आणि खाडीकाठची जमीन आली, पण भाज्यात तिथली माणसं आलीच नाहीत.

गुन्ह्यांचं याच्या बरोबर उलट. नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पनवेल आणि उरणही येतं. म्हणजे ‘नवी मुंबईतले गुन्हे’ हा आकडा खाडीपासून पनवेल-उरणपर्यंतचा. त्याला महापालिकेच्या लोकसंख्येने भागून ‘दर लाखामागे गुन्हे’ काढले की शहर आहे त्याहून भयंकर दिसतं. मग घनता कमी आणि गुन्हे जास्त अशी ओळ लिहिली जाते आणि त्यावर कुणीतरी समाजशास्त्रीय निष्कर्षही काढून मोकळा होतो. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते एका गावचे नसतात.

माझा नियम कडक आहे: ज्या तक्त्यात ‘नवी मुंबई’समोर ‘महापालिका क्षेत्र’, ‘सिडको क्षेत्र’ किंवा ‘पोलीस आयुक्तालय’ असा खुलासा नाही, तो तक्ता मी वाचतच नाही.

पनवेलच्या बाजूला अजून एक खड्डा आहे, आणि त्यात शहाणी माणसंही पडतात. २०११ मध्ये पनवेलची लोकसंख्या किती? एका ठिकाणी सुमारे १ लाख ८० हजार सापडेल, दुसरीकडे ५,०९,९०१. साल तेच, जनगणना तीच. पहिला आकडा तेव्हाच्या नगरपालिकेचा. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, नगरपालिकेला आजूबाजूची २९ गावं जोडली गेली, खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा सगळं आत आलं, आणि २०११ ची डोकी नव्या हद्दीप्रमाणे पुन्हा जुळवली तेव्हा दुसरा आकडा मिळाला. त्या मुलाच्या यादीतली दुसरी पिवळी ओळ, म्हणजे रायगडातली सिडको वसाहत, तीही या पाच लाखांतच विरघळली. एकही माणूस जन्मला नाही की राहायला आला नाही, तरी शहर कागदावर पावणेतीन पटीहून मोठं झालं. याला वाढ म्हणत नाहीत.

आणि ‘मुंबईची लोकसंख्या’ सांगताना यातलं कोण धरतात? जनगणनेने २०११ मध्ये बृहन्मुंबईचं जे नागरी संकुल, म्हणजे एकमेकांना चिकटून वाढलेल्या शहरांचा गट, धरलं, १,८३,९४,९१२ माणसांचं, त्यात मुंबईबरोबर ठाणे, नवी मुंबई महापालिका, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि थेट बदलापूर आहे. सगळ्यांची बेरीज करून बघा, शेवटच्या माणसापर्यंत जुळते. म्हणजे बदलापूरकर मुंबईच्या संकुलात, आणि बेलापूरच्या पुढच्या स्टेशनावरचा खारघरकर बाहेर! भिवंडी आणि वसई-विरारही बाहेर. एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाच्या मुंबई महानगर प्रदेशात मात्र ही सगळी आहेत. तेव्हा ‘पनवेल मुंबईत धरायचं का’ याला हो किंवा नाही असं उत्तर नाही. कुठल्या मुंबईत, ते आधी सांगा.

पैशाच्या बाबतीत नुसता घोळ नाही, चक्क उचलेगिरी चालते. ‘नवी मुंबईची अर्थव्यवस्था’ म्हणून जे झोकदार परिच्छेद लिहिले जातात, त्यात न्हावाशेव्याचं बंदर हमखास असतं. ते उरण तालुक्यात आहे. तळोजा औद्योगिक वसाहत असते. ती पनवेल तालुक्यात. अटल सेतू शिवडीहून येऊन उतरतो तो उरण तालुक्यात. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला विमानतळ पनवेल तालुक्यात, नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर. हे सगळं प्रकल्पाचं वैभव म्हणून मोजलंत तर हरकत नाही. पण त्याच परिच्छेदात लोकसंख्या महापालिकेची, आणि महापालिकेचं अंदाजपत्रकही जोडलेलं. म्हणजे बंदर उरणचं, डोकी वाशीची. महापालिकेची खरी आर्थिक ओळख म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, तुर्भ्याच्या बाजार समितीतले कांदा-बटाटा, मसाला, भाजी, फळं, आणि ऐरोली ते बेलापूरमधली कार्यालयं. तेवढं कमी आहे का? उसनं कशाला आणायचं?

दरडोई उत्पन्नाचा आग्रह तर सोडूनच द्या. सरकारी अंदाज येतो तो जिल्ह्याचा. ‘नवी मुंबईचं दरडोई उत्पन्न’ म्हणून जो आकडा मिरवतात तो ठाणे जिल्ह्याचा असतो, आणि त्या जिल्ह्यात शहापूर-मुरबाडचे पाडेही आहेत. खारघरचा म्हणून जो देतात तो रायगडचा. शिवाय जिल्ह्याचं उत्पन्न जिथे निर्माण होतं तिथे मोजतात, पगार ज्या घरी जातो तिथे नाही. सकाळी सात-चाळीसला खारघरच्या फलाटावर उभं राहा. मुंबईकडे जाणाऱ्या त्या गर्दीची मेहनत मुंबईच्या किंवा ठाण्याच्या उत्पन्नात पडणार, घराचा हप्ता आणि दुधाचं बिल मात्र रायगडात भरलं जाणार. उलट बंदराची आणि कारखान्यांची कमाई रायगडच्या खात्यात येते, तिथे काम करणारा कुठेही राहत असो. म्हणून उपनगरी शहर श्रीमंत की गरीब हे या आकड्यावरून ठरवणं म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावरून मालकाच्या घरचा स्वयंपाक ओळखणं.

याच हद्दीवरून पाण्याचीही गंमत आहे. नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं मोरबे धरण खालापूर तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात, आणि तिथलं पाणी पनवेल तालुका ओलांडून वाशी-नेरुळला जातं. आणि कर? खारघर-कामोठ्यातल्या लोकांचं म्हणणं असं की २०१६ नंतरही सेवा सिडको देत होती, सेवाशुल्क आम्ही तिला भरत होतो, मग त्याच वर्षांचा मालमत्ता कर पनवेल महापालिकेला का द्यायचा? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ‘प्रकल्प आणि महापालिका यात काय फरक’ असं ज्याला अजूनही वाटतं, त्याने त्या काळातली आमच्याकडची एखादी सोसायटीची सभा बघायला हवी होती.

किरकोळ फरक उरकून टाकतो. गाडीवर एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई, एमएच ४६ म्हणजे पनवेल. दूरध्वनीचा ०२२ दोन्हीकडे एकच. पिनकोडवरून ओळखायला जाल तर या भागात ४१० ने सुरू होणारा, म्हणजे खारघरचा ४१०२१० किंवा पनवेलचा ४१०२०६, रायगडचा हे बरोबर. पण उलटं धरू नका. उरणचा पिन ४००७०२ आहे आणि उरण रायगडातच आहे. दोन्हीकडच्या गावठाणांतले मूळ लोक आगरी-कोळी. साडेबारा टक्के भूखंडांचा, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड मिळवण्याचा लढाही दोन्हीकडचा, कारण जमिनी प्रकल्पात गेल्या होत्या, महापालिकेत नव्हे.

त्या मुलाचा तक्ता शेवटी आम्ही नव्याने मांडला. वर मोठ्या अक्षरांत ‘नवी मुंबई महापालिका क्षेत्र, २०११’. खाली वेगळ्या चौकटीत ‘पनवेल महापालिका, २०१६ ची हद्द, २०११ ची लोकसंख्या’. बंदर आणि विमानतळ तिसऱ्या चौकटीत, सिडकोच्या नावाने. सर म्हणाले म्हणे, एवढ्या चौकटी कशाला. असू देत. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ची स्थिती धरून होणार आहे आणि पनवेल तीत पहिल्यांदाच महापालिका म्हणून मोजलं जाईल. आकडा आला की कुणीतरी तो १ लाख ८० हजारांशेजारी ठेवून ‘पनवेलचा स्फोट’ असा मथळा देणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. तुम्ही तो ५,०९,९०१ शेजारी ठेवा.