डायपरमधली पावडर, सुती लंगोट आणि तासगावचा बेदाणा

आमच्या सांगलीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. एक माणूस मोठ्यांचा डायपर कात्रीनं फाडतो, आतली पांढरी पावडर ग्लासात झटकतो, वरनं पाणी ओततो आणि थोड्या वेळानं ग्लास उलटा करून दाखवतो, थेंबसुद्धा पडत नाही. खाली लिहिलेलं असतं की हे केमिकल वयस्कर माणसाच्या अंगातलं पाणीपण असंच ओढतं, किडन्या सुकवतं, आपला सुती कपडाच बरा. प्रयोग खरा आहे, घरी कुणालाही जमेल. त्याच्यावरनं काढलेला अर्थ मात्र साफ चुकीचा आहे. आणि तो वाचून लोक खरंच डायपर बंद करतात, मग अंथरुणाला खिळलेलं माणूस रात्रभर ओल्या कपड्यावर पडून राहतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कापूस घेऊ. कापसाचा धागा म्हंजे जवळजवळ सगळा सेल्युलोज, त्याला पाणी आवडतं. पण धुतलेली सुती साडी पाणी टिपते ते मुख्यतः केशाकर्षणानं, दोन धाग्यांच्या मधल्या बारीक फटींत पाणी वर चढतं आणि अडकून राहतं. अडकून राहतं हे महत्त्वाचं, धरून ठेवलं जात नाही. पिळलं की बाहेर. आता ६० किलोचं माणूस त्याच कपड्यावर बसतं किंवा कूस बदलतं तेव्हा पिळण्याचंच काम होतं, आणि मोठ्या माणसाची लघवी एका वेळेला ३००-४०० मिली सहज असते. म्हणून लंगोट कितीही जाड घड्यांचा केला तरी मांडीच्या सांध्यातनं ओघळ येतोच. कोरा कपडा तर आणखी वाईट, कारण कच्च्या कापसावर मेणासारखा थर असतो, तो दोन-चार धुण्यांत निघाल्याशिवाय कपडा नीट टिपतच नाही, त्यामुळं घरातल्या बायका यासाठी जुनं लुगडं किंवा जुनं धोतर फाडायच्या ते शास्त्राला धरूनच होतं. आणि ज्या घरात कपडे मऊ यावेत म्हणून शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर घालतात त्यांनी हे कपडे तरी त्यातनं वगळावेत, तो परत धाग्यावर तेलकट थर चढवतो आणि टिपायची ताकद कमी होते.

आता पावडर. नाव सोडियम पॉलीॲक्रिलेट. साधं शुद्ध पाणी दिलं तर स्वतःच्या वजनाच्या ३०० पट किंवा त्याहून जास्त पाणी घेऊन जेली होते आणि ती जेली दाबली तरी पाणी सोडत नाही. हे कसं होतं ते समजून घ्यायला मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

तासगावचा बेदाणा रात्री पाण्यात टाकला की सकाळी टम्म फुगतो, हे शाळेत आपण परासरण म्हणून शिकलो. आत साखर दाट, बाहेर पाणी पातळ, मधे साल, साखर बाहेर जाऊ शकत नाही म्हणून पाणी आत येतं. तोच बेदाणा मिठाच्या दाट पाण्यात टाकला तर फुगत नाही. पावडरीच्या कणाचं असंच आहे, फरक इतकाच की त्याला साल नाही. त्याच्यात लांबच लांब साखळ्या आहेत, साखळीवर ठिकठिकाणी ऋण भार चिकटलेला आणि प्रत्येक ऋण भाराजवळ एक सोडियमचा धन आयन. कोरडं असताना सगळं गुंडाळून बसलेलं. पाणी लागलं की सोडियम सुटा होतो, पण पळून जाऊ शकत नाही, कारण तो गेला तर आत नुसता ऋण भार उरेल आणि तो त्याला परत खेचेल. म्हंजे भारच सालीचं काम करतो. आत सोडियमची एवढी गर्दी की ती पातळ करायला बाहेरचं पाणी आत घुसत राहतं, शिवाय साखळ्यांवरचे ऋण भार एकमेकांना ढकलतात म्हणून साखळ्या ताणून उघडतात आणि जागा होत जाते. मग हे विरघळून का जात नाही? कारण साखळ्या मधे मधे एकमेकींना बांधलेल्या असतात, त्याला क्रॉसलिंक म्हणतात. पाण्याचा आत येण्याचा जोर आणि ताणलेल्या जाळ्याचा परत ओढण्याचा जोर जिथं सारखे होतात तिथं फुगणं थांबतं.

आता बाहेरच्या पाण्यातच मीठ असेल तर? तर आतबाहेरचा फरक कमी, जोर कमी, फुगणं लवकर थांबतं. लघवीत मीठ आणि बाकीचे क्षार भरपूर असतात. म्हणून या पावडरीची टेस्ट साध्या पाण्यानं करून काही कळत नाही, ती ०.९ टक्के मिठाच्या पाण्यानं करतात, म्हंजे दवाखान्यात सलाईनच्या बाटलीत जे असतं तेच. त्यात ३०० पट वगैरे काही नाही, ती ३० ते ५० पटीवर येते, आणि वरनं वजन पडलं तर आणखी खाली. समजा एका डायपरमध्ये १० ग्रॅम पावडर आहे, तर व्हिडिओतल्या हिशोबानं ती तीन लिटर पाणी पिईल, प्रत्यक्षात लघवी ३००-५०० मिली, आणि माणूस त्यावर बसलेलं असेल तर २००-३०० धरा. पाकिटावर मिलीचा मोठा आकडा दिसला तर तो कसा मोजलाय ते बघायला पाहिजे, कारण १९९६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची जी एक टेस्ट आहे तिच्यात अख्खा पॅड बुडवतात, निथळवतात आणि वजन करतात, बसलेल्या माणसाचा दाब त्यात कुठंच नाही. १२ तास कोरडं ही जाहिरात मला म्हणून पटत नाही, तास मोजून लघवी होत नसते.

शंका असेल तर घरी करून बघा. तीन ग्लास घ्या, एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं, तिसऱ्यात चमचाभर मीठ विरघळवलेलं, प्रत्येकात पाव चमचा पावडर. पहिल्यात काचेसारखी स्वच्छ जेली होऊन ग्लास भरतो, दुसऱ्यात बरीच कमी, तिसऱ्यात तळाला ओल्या साबुदाण्यासारखा थर बसतो आणि वर पाणी तसंच. मग पहिल्या ग्लासातल्या जेलीवर मीठ भुरभुरा, ती डोळ्यादेखत पाणी सोडून बसायला लागते. (हात धुवा आणि जेली बेसिनमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो.)

बोअरच्या पाण्यात कमी का फुगली? तिथं कॅल्शियम आहे. कॅल्शियमवर दोन धन भार असतात, एक कॅल्शियम आत शिरला की दोन सोडियमची जागा घेतो, म्हंजे आतली गर्दी निम्मी, वर तो दोन साखळ्यांना एकत्र बांधतो. आमच्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना यातलं एक ओळखीचं वाटेल. वाळवा-मिरज भागात क्षारपड झालेल्या काळ्या जमिनीत मातीच्या कणांवर असाच ऋण भार असतो, सोडियम वाढला की कण फुगतात, सुटे होतात, भोकं बुजतात आणि पाणी मुरत नाही. जिप्सम टाकतात तेव्हा त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावून जागा घेतो आणि सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर जातो. नियम तोच, फक्त डायपरमध्ये आपल्याला फुगणं पाहिजे आणि शेतात नको. आणि गंमत बघा, असल्या पावडरीचा एक पूर्वज अमेरिकेच्या शेती खात्याच्या इलिनॉयमधल्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून तयार झाला, बियाण्याला लावायला आणि मातीत ओल धरायला त्याचा उपयोग बघितला गेला. आपल्याकडं दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं पुसा हायड्रोजेल काढलं तेही याच कामासाठी, जत-आटपाडीसारख्या कोरड्या भागाला ही कल्पना किती जवळची आहे ते सांगायला नको.

आता किडनीचा प्रश्न. पावडर डायपरच्या पोटात, तिच्यावर कागदाचा लगदा, त्याच्यावर जाळीसारखं न विणलेलं कापड, मग कातडी, आणि कातडीचा वरचा थर पाणी अडवण्यासाठीच असतो. आतलं रक्त-पाणी तसंही मिठाचं. पावडरीला अंगातलं पाणी ओढायला वाटच नाही, ती बाहेर आलेलीच लघवी घेते. भीतीचं मूळ बहुतेक १९८० साली अमेरिकेत झालेल्या एका प्रकरणात आहे, तेव्हा पाळीत वापरायचे, खूप शोषून घेणारे टॅम्पॉन वापरणाऱ्या बायकांना टॉक्सिक शॉकचा आजार झाला होता, पण ती वस्तू शरीराच्या आत बसायची आणि आजार जीवाणूच्या विषानं झाला होता. बाहेरनं बांधायच्या डायपरशी त्याचा संबंध लावता येत नाही.

मग जखमा कशानं होतात? ओलीनं, घासण्यानं, आणि शी-लघवी एकत्र झाल्यानं. यातलं तिसरं सगळ्यात वाईट. ताज्या लघवीत युरिया असतो, तो फार त्रास देत नाही. पण शीतले जीवाणू युरियाचा अमोनिया करतात, त्यानं कातडीचा मुळातला आंबटपणा कमी होतो, म्हंजे साधारण ५ च्या आसपासचा पीएच वर चढतो, आणि पीएच चढला की शीतलेच पाचक रस जोरात काम करायला लागतात, ते मग कातडीच पचवायला घेतात. पावडर इथं दोन कामं करते, पाणी कातडीपासनं लांब ठेवते आणि ती स्वतः थोडी आम्लधर्मी ठेवलेली असल्यामुळं पीएच फार वर जाऊ देत नाही. पण शी झाली असेल तर तिला काही करता येत नाही, तिथं डायपर अर्धा कोरडा असला तरी लगेच बदलायचा, पैसे वाया गेले असं मनात आणायचं नाही. प्रत्येक वेळेला साबण किंवा डेटॉल लावायची गरज नाही, साबणानंपण पीएच चढतो. साधं कोमट पाणी, टिपून कोरडं करणं, आणि झिंक ऑक्साईडचा किंवा व्हॅसलीनचा पातळ थर. जाड थापलं तर ते डायपरच्या वरच्या जाळीला लागून भोकं बुजतात. अंगाला लावायची टाल्कम पावडर डबाभर शिंपडू नये, ती जांघेत गोळे होऊन घासते.

कपडा वाईट असं म्हणायचं नाही मला. कपड्याचा एक गुण डायपरला नाही, तो लगेच कळवतो. ओला झाला की दिसतो, हाताला लागतो, आणि घरात बघणारं माणूस असेल तर पाच मिनिटांत बदलला जातो. डायपर कोरडा वाटतो म्हणून विसरला जातो, तिथंच घोटाळा होतो. २००८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा यावर मोठा आढावा निघाला, त्यात एकच प्रकार सगळ्यांना चांगला असं काही निघालं नाही, बायका आणि पुरुष, दिवस आणि रात्र यांना वेगवेगळं सोयीचं पडलं, आणि कुठल्या एका प्रकारानं कातडी जास्त चांगली राहते याचा पक्का पुरावा मिळाला नाही. म्हंजे कातडीला ओल किती वेळ लागून राहते आणि बदलणारा हात किती पटकन पोचतो, हे बघायचं. मी असं सांगेन: थेंब-थेंब गळत असेल, माणूस हिंडतं-फिरतं असेल, तर दिवसा सुती घडी पुरते. एकदम भरपूर होत असेल, रात्र असेल, प्रवास असेल, तर डायपर. खर्चाचाही विचार आहेच, एक डायपर ३० ते ६० रुपयांना धरला आणि दिवसाला तीन लागले तर महिन्याला २७०० ते ५४०० रुपये होतात, दोन्ही मिळून वापरणं कित्येक घरांना त्यामुळंच परवडतं.

मिळून म्हंजे एकात एक नव्हे. डायपरच्या आत कपडा घातला की आधी कपडा भरतो आणि तोच कातडीला चिकटून राहतो, पावडर खाली बसून राहते. दोन डायपर एकावर एक घातले तरी आतल्याचं प्लॅस्टिक पाणी बाहेर जाऊ देत नाही, बाहेरचा कोरडाच निघतो. पॅड जोडायचाच असेल तर पाठीला प्लॅस्टिक नसलेला बूस्टर पॅड मिळतो तो घ्या.

बांबू चारकोल लिहिलेल्या काळ्या पॅडबद्दल पण लोक विचारतात. बांबूचं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, म्हंजे रसायनात विरघळवून परत धागा ओढलेला सेल्युलोज, त्यात बांबूचा कुठलाही खास गुण उरत नाही. काळा रंग डाग लपवतो, ओल लपत नाही. आणि ज्या घरात लघवीवर ताबा सुटला म्हणून अंगारा, दोरा, करणी उतरवणं चालू आहे त्यांना मनापासून सांगतो, हे साखर वाढल्यानं, लघवीच्या इन्फेक्शननं, प्रोस्टेटनं, बद्धकोष्ठानं, बीपीच्या काही गोळ्यांनी, बाळंतपणात सैल झालेल्या स्नायूंनी होतं, आणि यातलं बरंचसं औषधानं किंवा व्यायामानं सुधारतं. मिरज जवळ आहे, डॉक्टरला दाखवा. पाणी पिणं तोडू नका, लघवी दाट झाली की मूत्राशयाला उलट जास्त टोचते.

धुण्याचं बघू. आधी गार पाण्यात खळखळून काढायचे, मग साबण आणि कडक गरम पाणी, साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळायचं, मग कडक ऊन. पर्यावरणाचा हिशोब इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं लहान मुलांच्या डायपरवर २००८ मध्ये केला होता, अडीच वर्षांच्या वापराला फेकायचे डायपर सुमारे ५५० किलो आणि कापडी ५७० किलो कार्बन डायऑक्साईड, म्हंजे जवळपास सारखंच, पण मशीन पूर्ण भरून धुतलं आणि दोरीवर वाळवलं तर कापडी बरेच खाली येतात. आपल्याकडं सगळं दोरीवरच वाळतं, त्यामुळं ऊन असेपर्यंत कपडा पुढं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दोन-दोन दिवस कपडे दमट राहतात, दमट घडी वापरली तर जांघेत बुरशी धरते, तेव्हा इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करा किंवा तेवढे महिने डायपर वाढवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात नळाला पाणी नव्हतं, लाईट नव्हती, तेव्हा घरात झोपून असलेल्या माणसाचे कपडे धुणार कुठं? नदीकाठच्या घरांनी जूनमध्येच १५ दिवसांचे डायपर वरच्या मजल्यावर ठेवावेत.

वापरलेला डायपर संडासात फ्लश करायचा नाही, परसात जाळायचा नाही, जेली धड जळत नाही आणि प्लॅस्टिकचा धूर होतो. शी असेल तेवढी संडासात झटकायची, डायपर आतल्या बाजूला गुंडाळून त्याच्याच टेपनं बंद करायचा, कागदात बांधायचा आणि घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो सुक्या कचऱ्याबरोबर द्यायला सांगितलं होतं, २०२६ च्या नियमांत असल्या कचऱ्याचा वेगळा भाग केलाय, आणि गाडीवरच्या माणसाला पुडीत डायपर आहे हे तोंडानं सांगा, तो हातानं कचरा निवडत असतो.