मोटरसायकलची चेन साफ करणं आणि ऑइल लावणं (बेळगाव सीमाभाग)

इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारी जी चेन असते ती ठरावीक दिवसांनी रॉकेलनं किंवा चेन क्लीनरनं धुवायची, पुसायची आणि मग तिला वंगण लावायचं, एवढंच हे काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं या सगळ्याला मिळून 'चेनला ऑइल मारणं' म्हणतात, कानडी गिऱ्हाईक असलं तर 'चैनिगे एण्णी हाकरी', आणि घोटाळा इथंच होतोय, कारण नावातच धुणं नाही त्यामुळं धुणं राहून जातंय आणि धुळीवरच ऑइल मारलं जातंय.

आधी चेन आतून कशी असते ते बघू, नाहीतर पुढचं सगळं वरवरचं वाटेल. दोन बाजूंच्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेवर बसलेली बारीक नळी म्हणजे बुश, आणि बुशवर मोकळा फिरणारा रोलर, अशी एकेक कडी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि इंग्लंडात मँचेस्टरला कारखाना असलेल्या हान्स रेनॉल्डनं १८८० मध्ये ही बुश-रोलर चेन आणली, आज स्प्लेंडर असो की बुलेट, मूळ रचना तीच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कम्युटर म्हणजे रोजच्या वापराच्या गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. पहिला आकडा ४ म्हणजे एका पिनेपासून दुसरी पिन एक इंचाच्या चार अष्टमांश अंतरावर, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर.

'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. समजा ११० कड्यांची चेन आहे आणि प्रत्येक सांध्यात नुसतं ०.१ मिलिमीटर झिजलं, तर बेरीज ११ मिलिमीटर होते, एक सेंटिमीटरपेक्षा जास्त, आणि मग चेन कव्हरला आपटायला लागते, तो खडखडाट गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतोय. म्हणजे वंगणाची खरी गरज पिन आणि बुशच्या मधल्या केसाएवढ्या फटीत आहे. बाहेरून चेन कितीही काळी, ओली, चकचकीत दिसू दे, त्या फटीत काय गेलं नसलं तर सगळं वाया.

आता आपला मुलूख. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तांबडी माती आणि धो धो पाऊस, मलप्रभा उगवते तोच हा भाग. अथणी, गोकाककडं गेलं की काळी माती, आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणून टाकलेला चिखल वाळून त्याची धूळ. दोन्ही मातीत बारीक कण असतात, ते ऑइलला चिकटले की चेनीवर पॉलिश पेपरचा लेप बसल्यासारखं होतं आणि गाडी चालेल तसा तो घासत राहतो. कोरडी चेन वाईट, पण धुळीवर ऑइल ओतलेली चेन माझ्या मते जास्त वाईट, कारण मालकाला वाटतंय आपण काळजी घेतली. पूर्ण बंद चेन कव्हर असलेल्या गाड्यांना धूळ कमी लागते हे खरं आहे, पण भाताच्या गाद्यातनं (शेतातनं) एकदा गाडी काढली की आत गेलेला चिखल तिथंच राहून वाळतो आणि कव्हर उघडेपर्यंत कोणाला दिसत नाही. कव्हरला रबरी बूच असलेलं एक भोक असतं, मेस्त्री तिथूनच ऑइलचा कॅन लावतात आणि 'झालं बघा' म्हणतात. साफ करायचं तर कव्हर काढावंच लागतं.

मोठ्या गाड्यांना आणि अलीकडच्या बऱ्याच बाइकना ओ-रिंगवाली चेन येते. यात पिन-बुशच्या फटीत कारखान्यातच ग्रीस भरून बाजूला बारीक रबरी रिंगा लावून ते कोंडलेलं असतं. या चेनीत आपण बाहेरून लावलेलं वंगण पिनेपर्यंत जातच नाही, ते फक्त रोलर आणि स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे) दात यांच्यासाठी, गंजू नये म्हणून, आणि रबर सुकू नये म्हणून. त्यामुळं इथं पेट्रोल आणि तारेचा ब्रश पूर्ण बंद. पेट्रोलनं रबर खराब होतं, शिवाय आग लागायची भीती, आणि तारेनं रिंगा फाटतात. एकदा रिंग गेली की आतलं ग्रीस बाहेर आणि माती आत.

काम करायची पद्धत सोपी आहे, चिकाटीची आहे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. इंजिन बंद हे परत लिहितो, कारण गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाक फिरवत ठेवायचं आणि खाली फडकं धरायचं ही सवय लय जणांना आहे, फडकं चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये जातं आणि बोट फडक्याबरोबर. चाक हातानंच फिरवा, उलट दिशेनं. खाली जुना पेपर किंवा पुठ्ठा, वाटीत रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश. रॉकेल पूर्वी रेशनवर घरोघरी यायचं, आता शोधावं लागतं म्हणून बरेचजण डिझेल वापरतात. चारी बाजूंनी घासायचं, पहिली वाटी तांबडी-काळी होते, ती मातीसकट टाकून दुसरी घ्यायची, आणि रोलर बोटानं फिरवून बघायचा: मोकळा फिरला तर ठीक, अडकला तर तिथं अजून माती आहे. मग कोरड्या फडक्यानं पुसून थोडा वेळ वाळू द्यायची.

ऑइल लावायची जागा म्हणजे चेनीच्या खालच्या पदराची आतली बाजू, मागच्या स्प्रॉकेटच्या जवळ. चाक फिरलं की वंगण बाहेरच्या अंगाला फेकलं जातं, म्हणून आतून लावलं तर ते कड्यांमधून पार होतं, बाहेरून लावलं तर सरळ रिमवर आणि पँटवर. गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणल्यावर चेन कोमट असते, तेव्हा वंगण आत लवकर शिरतं. साधं ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं, स्प्रे चालतो, थेंब-थेंब लावून चाक दोन-तीन वेळा पूर्ण फिरवायचं, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाकायचं. पुसताना लोकांचा जीव जातो, पैसे घालून आणलेलं ऑइल पुसायचं कशाला म्हणून. रात्री लावून ठेवलं तर उत्तम, स्प्रेमधला पातळ भाग उडून जातो आणि सकाळी चिकट थर राहतो.

जळकं ऑइल, म्हणजे इंजिनातनं काढलेलं काळं ऑइल, यावर वाद घालून मी दमलो. गॅरेजच्या कोपऱ्यात त्याचा डबा कायम भरलेला, फुकटात मिळतंय. "जळकं ऑइल बरं असतंय मामा, घट्ट बसतंय," असं मेस्त्री सांगतो. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातूचे कण आणि काजळी असते, तीच परत चेनीत कशाला घालायची. आणि डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे धुवायला वापरा, पण वंगण म्हणून त्यावर थांबू नका, लय पातळ असतोय.

किती दिवसांनी? साधारण ५०० किलोमीटरला एकदा हा सगळीकडचा अंदाज. चोर्ला घाटातनं भर पावसात गोव्याला जाऊन आला तर किलोमीटर मोजू नका, आल्या दिवशी पुसून ऑइल लावा, दुसऱ्या सकाळी पट्ट्यांवर तांबूस गंज दिसायला लागतो.

याच वेळी ढिलाई बघायची. खालच्या पदराच्या मध्यावर बोटानं वर-खाली करून साधारण २० ते ३० मिलिमीटर हालली पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागते. अगदी ताणून बसवली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो, आवाज बंद झाला म्हणून गिऱ्हाईक मात्र खूश. ड्रम ब्रेकच्या गाडीत चेन टाइट करताना चाक मागं सरकतं, त्यामुळं मागचा ब्रेकही परत सेट करावा लागतो, हे निम्मे लोक विसरतात. स्प्रॉकेटचे दात उसतोडीच्या कोयत्यासारखे एका अंगाला वाकलेले दिसले तर ऑइलनं काय होणार नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायची.

चेनीला जोडकडी (चेनीची दोन टोकं जोडणारी, काढता येणारी कडी) असेल तर तिच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेनं जाते त्या दिशेला आणि उघडी बाजू मागं. मी एकदा घरी चेन काढून धुतली, लॉक उलटं बसवलं, आणि जांबोटीच्या पुढं ते कुठंतरी उडालं. कडी नुसती पिनेवर लटकत होती. कुंपणाची तार पिळून बांधली आणि खानापुरापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आलो. तेव्हापासून लॉक बसवलं की फोटो काढून ठेवतो.

खंडेनवमीला सगळ्या गाड्या वॉशिंगला जातात, रांगा लागतात, तिथं प्रेशरचं पाणी सरळ चेनीवर मारतात आणि पाणी रोलरच्या आत, ओ-रिंगच्या कडेनं घुसतं. मग गाडी तशीच ओली घरी, हार, हळदकुंकू, लिंबू, आणि चेनकडं दिवाळीपर्यंत कोण बघत नाही. वॉशिंगवाल्याला चेनीवर लांबून पाणी मार म्हणून सांगायचं, घरी येऊन पुसायची, संध्याकाळी ऑइल. पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी असली तर जास्तीचं ऑइल नीट पुसलेलं बरं, नाहीतर झेंडूच्या पाकळ्या चिकटतात आणि त्या काढायला परत ब्रश घेऊन बसावं लागतं.