बंदूक दुरुस्तीला द्यायची कुठे: दुकानात की कारखान्यात?

रावेर-यावलच्या केळीबागेत सबमर्सिबल पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारा पंखा) गेला की दुकानातून नवा आणून बसवता येतो. मग पीकराखणीसाठी परवान्यावर घेतलेल्या बारा बोअर बंदुकीची फायरिंग पिन (काडतुसावर ठोका देणारी खीळ) कंपनी नुसती का पाठवत नाही, अख्खी बंदूकच का मागते?

दोन्हीकडे होते ती दुरुस्तीच, पण काम वेगळं. परवानाधारक दुकानदार तुम्ही सांगाल तो बिघाड काढतो. वॉरंटीत कंपनी आधी बिघाड कुणामुळे झाला ते ठरवते, आणि त्यासाठी सुटा भाग पुरत नाही.

समजा, चाप ओढला तरी बार होत नाही आणि काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवरचा ठोका उथळ दिसतो. पिन झिजली असेल, स्प्रिंग मेली असेल, किंवा बिजागरी-खटका ढिला होऊन नळी आणि मागच्या पाटामधलं अंतर वाढलं असेल. तिसऱ्या कारणात नवी पिन घातली तर बार होईलही, पण काडतुसाच्या बुडाला आधार नसल्याने ते फाटून गॅस मागे येऊ शकतो. हे अंतर गेजने, म्हणजे काडतुसाच्या जागी बसवायच्या ठरावीक मापाच्या तुकड्याने, मोजतात: ‘गो’ गेजवर बंदूक बंद झालीच पाहिजे, ‘नो-गो’वर होता कामा नये. दुकानात कुणी कानस फिरवली असेल, तर कंपनी बहुधा वॉरंटी नाकारते, आणि ते बरोबरच आहे.

लेथवाल्याकडे तर नेऊच नका. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. वरणगाव जवळ आहे, पण तिथल्या कारखान्यात दारूगोळा बनतो, बंदुका दुरुस्त होत नाहीत.

दुकानातून बंदूक त्याच नंबरची परत येते. कंपनीने बदलून दिली तर नंबर बदलतो, म्हणून ती ताब्यात घेण्याआधी जिल्हादंडाधिकारी कार्यालयात परवान्यावरच्या नोंदीचं विचारून घ्या. तुमच्याऐवजी दुसरा कुणी दुरुस्तीला नेणार असेल, तर त्याच्याजवळ तुमचं लेखी अधिकारपत्र हवं; कलम 3 मध्ये तशी सवलत आहे.

बार न झालेलं काडतूस लगेच काढू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबा, मग टोपीचा फोटो काढा. बंदुकीसोबत तो फोटो आणि कुठलं काडतूस वापरलं याची चिठ्ठी द्या. काडतूस मात्र एकही देऊ नका. पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या.