गेममधला किल्ला कोणाचा?

नळदुर्गचा पाणीमहाल रोब्लॉक्समध्ये, म्हणजे खेळणाऱ्यांनीच खेळ घडवायच्या ऑनलाइन मंचावर, उभा करायचा, तर बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातली दालनं, पावसाळ्यात वरून कोसळणारे नर-मादी धबधबे असं सगळं तुकड्या-तुकड्यानं रचावं लागतं. आणि एवढी मेहनत झाल्यावर तोच किल्ला, जशाच्या तसा, भलत्याच नावावर दिसू शकतो. धाराशिव-लातूरकडची जी पोरं आज गेम खेळता खेळता घडवायला लागली आहेत, त्यांना हा प्रश्न नवा वाटेल. तो तीस वर्षांचा आहे.

१९९३ च्या ‘डूम’ या गेमनं नकाशे (म्हणजे खेळ जिथे घडतो त्या जागा), चित्रं आणि आवाज मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलींत ठेवले. त्यामुळे खेळाडूंना स्वतःचे नकाशे जोडता आले. त्या नकाशांवर हक्क कुणाचा, हा मुद्दा न्यायालयात गेला तो ‘ड्यूक न्यूकेम ३डी’ या गेममुळे. खेळाडूंनी बनवून इंटरनेटवर टाकलेले ३०० नकाशे मायक्रो स्टार कंपनीनं गोळा केले आणि सीडीवर विकायला काढले. खेळाडूंवर मात्र ते फुकटच वाटण्याची अट होती! १९९८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयानं मायक्रो स्टारच्या विरोधात निकाल दिला. पण त्यात राखला गेला तो गेमच्या मालक कंपनीचा हक्क. हे नकाशे म्हणजे मूळ कथेचे पुढचे भाग आणि ते काढण्याचा अधिकार कंपनीचा, असं न्यायालय म्हणालं. ज्यांनी नकाशे घडवले ते खटल्यात पक्षकारही नव्हते. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट हीच.

आपल्याकडच्या सायबर कॅफेंत गाजलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ही मुळात ‘हाफ-लाइफ’ या गेमवर हौशी मंडळींनी केलेला मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेला खेळ. ‘हाफ-लाइफ’च्या व्हॉल्व्ह कंपनीनं २००० मध्ये तो रीतसर विकत घेतला. असं नशीब थोड्यांचंच. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’चे नकाशे बनवणाऱ्यांनी स्वतःच कुलपं शोधली. एडिटरला, म्हणजे नकाशे बनवायच्या साधनाला, लागणाऱ्या फाइली काढून टाकायच्या, म्हणजे नकाशा खेळता येतो पण उघडून बदलता येत नाही. लगेच ही कुलपं तोडणारी साधनंही आली. पुढे २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट’च्या ब्लिझार्ड कंपनीनं खेळाडूंनी बनवलेल्या खेळांची मालकी आपलीच, अशी अट घातली.

उलट ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन आभासी जगानं २००३ मध्येच रहिवाशांना त्यांच्या निर्मितीवरचा बौद्धिक हक्क दिला. नक्कल, बदल, हस्तांतर यांची परवानगी वस्तूगणिक ठरवता येई. तरी २००६ मध्ये कॉपीबॉट हा दुसऱ्यांच्या वस्तूंची नक्कल करणारा प्रोग्राम आला आणि संतापलेल्या विक्रेत्यांनी दुकानं बंद ठेवली. कारण तांत्रिक आहे. जे पडद्यावर दिसायचं, ते आधी खेळणाऱ्याच्या यंत्रावर पोचावंच लागतं, आणि पोचलेलं उचलता येतं. रोब्लॉक्समध्ये आजही तेच. पाणीमहालाच्या भिंती उचलल्या जातात. पण दार कधी उघडायचं, गुण कसे मोजायचे हा हिशेब सर्व्हरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकाच्या, स्क्रिप्टमध्ये (सूचनांच्या कोडमध्ये) ठेवला, तर तो खेळणाऱ्याकडे जातच नाही. म्हणून जाणकार खेळाचा गाभा सर्व्हरवर ठेवतात.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र कल्पनेवर हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं. पाणीमहाल चारशे वर्षांचा, तो कुणीही नव्यानं उभा करावा. दुसऱ्याची फाइल उचलणं हे निराळं. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. निर्मितीवरचा हक्क जपायला लावलेलं तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूनं तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. २०१३ च्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार योग्य वाटल्यास नक्कल साठवणाऱ्या सेवेनं ३६ तासांत ती रोखायची. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर ती पुन्हा खुली करता येते. म्हणजे दावा लवकर लावणं आलं. त्यासाठी नक्कल करणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. कलम ६२ नुसार निर्माता जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. लातूरच्या मुलासाठी ते लातूरचं.