दीड कोटीची गाडी आणि लोकलच्या पोटातला फुगा

माझा मामेभाऊ चिंचवडला मशिनिंगचं वर्कशॉप चालवतो, यंदा त्याच्या डोक्यात मोठी सेडान घ्यायचं खूळ शिरलंय, आणि घराण्यात फिजिक्स शिकलेला एकमेव माणूस मी, म्हणून शोरूमला जाताना त्याने मला धरून नेलं. सेल्समन पोरगा चुणचुणीत होता. पाऊण तास तो स्क्रीनबद्दल बोलला, मग आतल्या रंगीत दिव्यांबद्दल, मग सीटच्या मसाजबद्दल, आणि उठता उठता म्हणाला, "आणि सर, एअर सस्पेन्शन आहेच, एकदम उडता गालिचा." संपलं. ज्याच्यासाठी पैसे मोजायचे ती गोष्ट एका वाक्यात आटपली. बाहेर आल्यावर भावाने मला हळूच विचारलं, "दादा, म्हणजे टायरमधली हवा वेगळी असते का?"

एअर सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये दणके गिळायला लोखंडाऐवजी हवेची स्प्रिंग. ती काय जादू करते ते सांगणारा हा लेख त्या प्रश्नामुळे.

आधी बाकीच्या गोष्टी पटकन उरकतो. उदाहरणाला मर्सिडीजची इलेक्ट्रिक सेडान ईक्यूएस ५८० घेऊ, कारण ती इथेच चाकणला जुळवली जाते आणि २०२२ मध्ये आली तेव्हा शोरूम किंमत १.५५ कोटी होती. तिची रेंज, म्हणजे एका चार्जवर जाणारं अंतर, तेव्हा ८५७ किमी सांगायचे. हा आकडा खोटा नाही, पण तो भारतीय चाचणीतला आहे, आणि त्या चाचणीत गाडी ताशी ९० किमीच्या वर जातच नाही, बराच वेळ तर शहरातल्यासारखी रांगते. युरोपच्या जास्त कडक चाचणीत हीच गाडी पावणेसातशेच्या आसपास येते. एक्सप्रेसवेवर एसी लावून शंभरने जाणार असाल तर कुठला आकडा जवळचा मानायचा ते तुम्हीच ठरवा. समोरची १४१ सेंमीची स्क्रीन म्हणजे एका वळवलेल्या काचेखाली तीन डिस्प्ले, दिसते झकास, पण पाच वर्षांनी तुमचा मोबाईल तिच्यापेक्षा हुशार झालेला असेल. आणि "गाडी स्वतः चालते" हे ऐकलं की मी फक्त एवढंच सांगतो की डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीत याच कंपनीला स्टिअरिंग सोडून बसायची परवानगी मिळाली ती ठरावीक मोटरवेवर आणि ताशी ६० पर्यंतच, आणि तिथे लेनचे पट्टे रंगवलेले असतात, समोरून उलट्या दिशेने ट्रॅक्टर येत नाही.

आता स्प्रिंग.

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला सस्पेन्शन शिकवावं लागत नाही. गाडी रिकामी असली की मागचा माणूस खड्ड्यागणिक छताला टेकतो, आणि तीच गाडी आठवडी बाजाराच्या दिवशी गच्च भरली की मस्त डुलत चालते. कारण खालचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बनवलेले असतात. रिकामेपणी ते फार कडक पडतात. लोखंडी स्प्रिंगचा कडकपणा एकदा कारखान्यात ठरला की ठरला, मग वर एक माणूस बसो की पन्नास.

मग कारला सरळ मऊ स्प्रिंगच का बसवत नाहीत? एक हिशोब करू. गाडी सेकंदाला साधारण एकदा वर-खाली डुलली तर आपल्याला बरं वाटतं. असं डुलायला स्प्रिंग किती मऊ हवी? एवढी मऊ, की गाडीच्या नुसत्या वजनानेच ती २५ सेंमी दबली पाहिजे. (शाळेतलं सूत्र वापरून काढता येतं, दबलेली लांबी म्हणजे ९.८ भागिले ४π².) आता मागच्या चाकांवर १००० किलो भार आहे समजा आणि तुम्ही मागे मामा-मामी-आत्याला बसवलंत, डिकीत बॅगा टाकल्यात, झाले ३०० किलो जास्त. भार ३० टक्के वाढला म्हणजे स्प्रिंगही ३० टक्के जास्त दबणार, २५ चे ३०% म्हणजे साडेसात सेंमी. गाडीचं बूड साडेसात सेंमी खाली! नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंमी उंच असतो, आपल्या सोसायट्यांच्या बाहेरचे तर कुठल्याच नियमात बसत नाहीत, म्हणजे घासलंच समजा. म्हणून कंपन्या स्प्रिंग कडक ठेवतात, आणि मग तुम्ही एकटे निघालात की दणके खाता. लोखंडात यातून सुटका नाही.

हवेत आहे, आणि ती कशी आहे ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीवर दोनदा करून बघितलं होतं.

सायकलचा पंप घ्या, नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दांडा खाली ढकला. दांडा परत वर येतो. ही झाली हवेची स्प्रिंग, रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात हवेला हाच स्प्रिंग शब्द वापरला होता. गाडीत चाकाजवळ रबराचा एक जाड फुगा असतो, बसचे मेकॅनिक त्याला बेलो किंवा सरळ बलून म्हणतात, त्यात दाबाखाली हवा भरलेली. याचा टायरशी काही संबंध नाही. मागे माणसं बसली की गाडी खाली जाते, उंची मोजणारा सेन्सर ते ओळखतो, कॉम्प्रेसर आणखी हवा भरतो, गाडी पुन्हा मूळ उंचीवर. इथपर्यंत सगळे सांगतात, पण खरी मजा पुढे आहे. फुग्याचा आकार तोच राहिला, फक्त आतला दाब वाढला, आणि हवेच्या स्प्रिंगचा कडकपणा आतल्या दाबाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वजन ३० टक्के वाढलं की दाब जवळपास ३० टक्के वाढला आणि स्प्रिंगही जवळपास ३० टक्के कडक झाली. आपोआप! डुलण्याचा वेग ठरतो कडकपणा भागिले वजन यावरून, आणि ते दोन्ही बरोबरीने वाढले म्हणजे भागाकार तोच. एकटे बसा नाहीतर वऱ्हाड भरा, गाडी त्याच तालात डुलणार.

सूत्रात मांडलं तर, कडकपणा k = γPA²/V आणि पेललेलं वजन mg = PA (वातावरणाच्या दाबामुळे थोडा फरक पडतो, तो सोडून देऊ). यात P म्हणजे आतला दाब, A फुग्याचं क्षेत्रफळ, V आतल्या हवेचं आकारमान, m वरचं वस्तुमान, g गुरुत्वाकर्षणाचे ते ९.८, आणि γ हवेचा एक ठरलेला आकडा. भागलं की k/m = γgA/V. P गेला, m गेला! उरलं फक्त V/A, म्हणजे फुग्यातल्या हवेच्या खांबाची उंची. पटापट दाबल्या जाणाऱ्या हवेसाठी γ म्हणजे १.४ धरा, तर सेकंदाला एक हेलकावा हवा असेल तर हा खांब जवळपास ३५ सेंमी उंच लागतो. एवढी जागा चाकावर कुठे असते? म्हणून बाजूला हवेची जादा टाकी देतात आणि मध्ये व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह उघडला की V वाढला, गाडी मऊ, बंद केला की कडक. कम्फर्ट आणि स्पोर्ट ही जी बटणं असतात त्यांच्यामागे बऱ्याच गाड्यांत हा एक व्हॉल्व्ह टकटक करत असतो. (ज्यांचा इथे धागा सुटला त्यांनी पंप आणि अंगठा लक्षात ठेवला तरी चालेल.)

आणि हो, हे तंत्र फक्त श्रीमंतांचं अजिबात नाही. शिवनेरीच्या व्होल्वोत बसला असाल तर तुम्ही या फुग्यांवर बसून घाट चढलात. वंदे भारतच्या डब्याखाली हेच आहेत. मुंबईच्या नव्या लोकलच्या डब्याखालीही हेच, कारण विरारला डबा रिकामा असताना आणि अंधेरीला माणसं दाराला लोंबकळत असताना त्याची उंची प्लॅटफॉर्मशी जुळायला हवी. शिवाय फुग्यातला दाब बघून गाडीला कळतं की आज किती माणसं भरलीत, त्यावरून ब्रेक किती लावायचा ते ठरतं. महिन्याच्या पासात मिळतं हे सगळं. मसाज धक्काबुक्कीतून.

मग सेकंदाला एकच हेलकावा का, आणखी मऊ का नाही? कारण माणूस. बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी उभी थरथर सगळ्यात जास्त त्रास देते, पोटातलं सगळं तिथे ढवळून निघतं. ती टाळायला मऊ व्हावं लागतं. पण फार मऊ करत सेकंदाला ०.२ पर्यंत, म्हणजे पाच सेकंदाला एक हेलकावा, इथे आलात तर तो होडीचा ताल झाला, आणि मग गाडी लागते. घाटात उलटीची पिशवी शोधणाऱ्यांना कळेल. उडता गालिचा खरंच असता तर अर्धे प्रवासी आजारी पडले असते.

खड्ड्याच्या धारदार कडेला मात्र हा फुगा फारसा कामाचा नाही, तो धक्का आधी टायरला खायचा असतो. म्हणून २१ इंची रिम आणि त्यावर पापडाएवढा टायर ही फॅशन आपल्या रस्त्यांवर मला तरी मूर्खपणाची वाटते. लहान रिम मिळत असेल तर तीच घ्या.

आता दुखणं. माझ्या एका मित्राने सेकंडहँड आलिशान सेडान घेतली होती (कंपनी कुठली ते जाऊ दे). डिलिव्हरीला चारही टायरखाली लिंबं चिरडून झाली, बंपरला मिरच्या लागल्या, आणि तिसऱ्या महिन्यात अमावास्येच्या सकाळी बघतो तर गाडीचा पुढचा डावा कोपरा जमिनीला टेकलेला, म्हैस बसावी तशी. त्याची आई म्हणाली दृष्ट लागली. आम्ही कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. त्याने गाडी जॅकवर घेतली, बाटलीतलं साबणाचं पाणी बेलोवर फवारलं आणि हात आत घालून टॉर्च मारला. घडीच्या बरोब्बर मध्ये बारीक भेग, आणि तिथून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत होते. रबर म्हातारं झालं की घडीवर चिरतं, अमावास्या असो की गुरुपुष्यामृत. त्यात गळती झाली की कॉम्प्रेसर रात्रंदिवस हवा भरत राहतो आणि शेवटी तोही जळतो, म्हणजे एका भेगेपायी दोन बिलं. हे दुखणं जुनंच आहे, कॅडिलॅकने १९५७ मध्ये एल्डोराडो ब्रॉअमला हवेचं सस्पेन्शन दिलं होतं, आणि गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी नंतर साध्या लोखंडी स्प्रिंगा बसवून घेतल्या.

भावाला मी टेस्ट ड्राइव्ह अशी करायला लावली. मागे मामा, मामी आणि मी. बसायच्या आधी त्याने मागच्या चाकाच्या आणि कमानीच्या मधल्या फटीत बोटं घालून बघितली, चार बोटं. आम्ही बसलो, तीन झाली. गाडी चालू केली, कुठूनतरी बारीक घरघर आली, आणि हळूहळू पुन्हा चार. मग सोसायटीच्या बाहेरचा तो बदनाम स्पीडब्रेकर, आधी त्याने एकट्याने, नंतर आम्ही सगळे बसून. मामी म्हणाल्या काही फरक वाटत नाही, मी म्हटलं मामी, तोच तर बघायचा होता.

फक्त बेलो आणि कॉम्प्रेसर वॉरंटीत किती वर्षं धरतात, आणि नंतर एक बेलो केवढ्याला पडतो, हे त्या सेल्समन पोराला माहीत नव्हतं. मॅनेजरला विचारून फोन करतो म्हणाला. आज नऊ दिवस झाले.