अकरावी-बारावीचे रसायनशास्त्र, पुणे

दहावीनंतर विज्ञान शाखा घेणाऱ्यांना कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षे शिकवला जाणारा विषय. पुण्यातील अनेक कनिष्ठ महाविद्यालये राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवतात. मंडळाचे मुख्यालय शिवाजीनगरला आणि पाठ्यपुस्तके काढणारी ‘बालभारती’ सेनापती बापट रस्त्यावर आहे, म्हणजे राज्यभरची मुले वापरतात ते पुस्तक पुण्यातच तयार होते.

दहावीपर्यंत रसायनशास्त्र विज्ञानाच्या पोटातच असते. अकरावीत ते स्वतंत्र होते आणि पहिल्याच प्रकरणात मोल भेटतो. 6.022 × 10²³ कण म्हणजे एक मोल. 18 ग्रॅम पाण्यात तेवढे रेणू असतात. डोळ्यांना न दिसणारे कण तराजूने मोजता येतात, हे पटणे ही या विषयातली सर्वांत मोठी उडी आहे. मोल कच्चा राहिला की पुढची द्रावणे, आयनिक समतोल आणि विद्युतरसायनशास्त्र नुसती सूत्रे घोकून भागवावी लागतात. म्हणून इथे घाई करू नये.

दोन्ही वर्षांच्या पुस्तकांत सोळा-सोळा प्रकरणे आहेत. अणूची रचना, रासायनिक बंध, आवर्तसारणी आणि हायड्रोकार्बन अकरावीत येतात. ऊष्मागतिकी, अभिक्रियांचा वेग, संक्रमण मूलद्रव्ये, अल्कोहोल, अमाईन, जैवरेणू, बहुवारिके (पॉलिमर) बारावीत. शेवटी हरित रसायनशास्त्र आणि नॅनोरसायनशास्त्र यांची तोंडओळख होते.

विषयाचा खरा कस प्रयोगशाळेत लागतो. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याचे प्रमाण मोजणे, त्यासाठी पुरेसे आहे. पिपेटने (ठरावीक माप घेणाऱ्या काचेच्या नळीने) मोजून घेतलेल्या ऑक्झॅलिक आम्लात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून फ्लास्क साधारण 60 ते 70 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मोजनळीतून, परमँगनेट थेंबाथेंबाने सोडतात. पहिल्या थेंबांचा जांभळा रंग जायला वेळ लागतो, पुढच्यांचा पटकन जातो. कारण तयार होणारे मँगनीज आयन त्याच अभिक्रियेला वेग देतात. फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचे. इथे शेवट रंगाने दाखवणारा वेगळा दर्शक लागत नाही, परमँगनेटच ते काम करते. हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, कारण परमँगनेट त्याचेही ऑक्सिडीकरण करते आणि क्लोरीन निघतो. द्रावण गडद असल्याने ब्युरेटचे वाचन वक्र पातळीच्या वरच्या कडेला घेतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे हमखास विचारतात. समीकरण, मोल आणि हाताची सफाई एकाच तासात एकत्र आणणारा असा प्रयोग दुसरा क्वचितच सापडेल.

सॉल्ट ॲनॅलिसिसचा, म्हणजे अनोळखी क्षारात काय आहे ते ओळखण्याचा, आनंद वेगळा. शिशाच्या क्षारात पोटॅशियम आयोडाइड घातले की पिवळा साका बसतो. तो पाण्यासह उकळला की विरघळतो आणि परीक्षानळी थंड होऊ लागली की सोनेरी चकाकत्या पापुद्र्यांच्या रूपाने परत येतो. तापमानाने विद्राव्यता कशी बदलते, हे एवढ्या ठसठशीतपणे फळ्यावर दाखवता येत नाही.

मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत लेखीला 70 आणि प्रात्यक्षिकाला 30 गुण असतात. जोडीला सीईटी, नीट, जेईई या प्रवेश परीक्षांचे बहुपर्यायी प्रश्न असतात आणि त्यांत ब्युरेट धरावा लागत नाही. क्लासच्या वेळापत्रकात प्रात्यक्षिकाचा तास मग मागे पडतो, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारातून आणलेले जर्नल (प्रयोगवही) दुसऱ्याचे पाहून भरले जाते. ही या विषयाची मोठी हानी आहे, कारण वाचनातली चूक का झाली हे शोधतानाच मूल रसायनशास्त्र शिकते.

पुण्यात या विषयाचे पुढचे रूप जवळच पाहता येते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. उत्प्रेरक आणि बहुवारिके ही तिथल्या संशोधनाची महत्त्वाची क्षेत्रे असून, दोन्हींची सुरुवात अकरावी-बारावीच्या पुस्तकांत होते. शेजारीच 2006 मध्ये स्थापन झालेली ‘आयसर’ ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे, जिथे बारावीनंतर थेट मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी प्रवेश घेता येतो.